चुकलेल्या संशोधनाचं बिल कुणाच्या नावावर?

‘बहुविद्याशाखीय’ म्हणवणाऱ्या एखाद्या संशोधनपत्रिकेचा अंक उघडला, तर एका निबंधात म्युच्युअल फंडांच्या परताव्याचा अभ्यास असतो, पुढच्यात शाश्वत पर्यटनाचा, त्यापुढच्यात मधुमेही रुग्णांचा. तिन्हींचा साचा एकच: इतका नमुना, अशी प्रश्नावली, हे कोष्टक आणि शेवटी ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ निष्कर्ष. अशा पत्रिकांची अवस्था काय आहे, हे २०१८ साली भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या १००९ पत्रिका त्यांनी तपासल्या. त्यांतल्या ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका साध्या निकषांवरही टिकल्या नाहीत. पण बोगस पत्रिकांचा प्रश्न तसा सोपा आहे. त्या ओळखायच्या आणि बाजूला ठेवायच्या. अवघड प्रश्न आहे तो नावाजलेल्या पत्रिकांत प्रामाणिक माणसांनी छापलेल्या संशोधनाचा. तेही चुकतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त चुकतं. ती चूक कधी उघडी पडेल, हे मात्र संशोधकाच्या हुशारीपेक्षा एका रोकड्या गोष्टीवर ठरतं, असं मला वाटतं: चुकीची किंमत कोण मोजतं, आणि आपण ती मोजतो आहोत हे त्याला कळतं का? वैद्यक, वित्त आणि पर्यटन या तीन शाखा शेजारी ठेवल्या की हे नीट दिसतं.

वैद्यकाने ही किंमत जिवांनी मोजली. १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये लॉरकेनाइड नावाच्या औषधाची एक छोटी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे ठोके अनियमित पडतात. हे औषध ते ठोके आवरतं. रुग्ण शंभरही नव्हते. औषध घेणाऱ्यांपैकी नऊ जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एक. संशोधकांना हा योगायोग वाटला. औषध बाजारात आणायचा बेत व्यापारी कारणांनी बारगळला आणि ते आकडे कपाटात राहिले. इकडे त्याच जातीची दुसरी औषधं अमेरिकेत सर्रास लिहून दिली जात होती, कारण त्यामागचा तर्क बिनतोड वाटत होता: अनियमित ठोके पडणारे रुग्ण जास्त मरतात, गोळी ठोके नियमित करते, म्हणजे गोळी जीव वाचवते. प्रत्यक्ष मृत्यू मोजणारी मोठी चाचणी आखली गेली, तेव्हा निम्म्या रुग्णांना औषधाविना ठेवणं अन्यायाचं आहे, असंही काही डॉक्टरांना वाटत होतं. शिवाय ज्यांचे ठोके गोळीने खरोखरच आवरले होते, अशाच रुग्णांना या चाचणीत घेतलं होतं. म्हणजे फासे औषधाच्याच बाजूने पडावेत अशी मांडणी होती. १९८९ साली ती मध्येच थांबवावी लागली. सविस्तर आकडे १९९१ साली छापून आले: एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मृत्यू, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. कार्डिओग्राम सुधारत होता आणि माणसं मरत होती. लॉरकेनाइडचे आकडे छापले गेले १९९३ साली. आम्ही ते वेळेवर छापले असते तर पुढच्या संकटाची आगाऊ सूचना मिळाली असती, अशा अर्थाची कबुली त्या संशोधकांनीच तेव्हा दिली.

या प्रकरणात कुणी खोटे आकडे लिहिले नव्हते. जे छापलं ते खरं होतं. जे छापलं नाही, त्याने घात केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा व्यवहारातला शहाणपणा संशोधनात असा उलटतो. मुठीत किती काय झाकलेलं असतं, याचा अंदाज एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दिला. नैराश्यावरच्या बारा औषधांच्या ज्या ७४ चाचण्या अमेरिकी औषध नियामकाकडे नोंदलेल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी मिळवल्या. नियामकाच्या मते त्यांतल्या ३८ चाचण्यांत औषध सरस ठरलं होतं. एक सोडून सगळ्या छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ चाचण्यांत औषधाचा गुण दिसला नव्हता किंवा शंकास्पद होता. त्यांतल्या २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा रंगवून छापल्या की निकाल अनुकूल वाटावा. पत्रिका वाचून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला शंभरातल्या ९४ चाचण्या यशस्वी झालेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात यशस्वी झाल्या होत्या ५१. नैराश्यावरची औषधं निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांचा गुण फुगवून सांगितला गेला होता, एवढाच आहे.

तोंड पोळल्यावर वैद्यकाने ताक फुंकून प्यायला सुरुवात केली. प्रमुख वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन ठरवलं की, २००५च्या जुलैपासून सुरू होणारी चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी जाहीर नोंदवलेली नसेल तर तिचा निबंध आम्ही छापणार नाही. भारतात आयसीएमआरच्या छत्राखाली अशी नोंदवही जुलै २००७मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९पासून नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीत लिहायचं काय? किती रुग्ण घेणार, कोणत्या औषधाची तुलना कशाशी करणार आणि मुख्य म्हणजे औषध यशस्वी झालं की नाही हे कशावरून ठरवणार: मृत्यूंवरून, रक्तदाबावरून की वेदनेच्या मोजपट्टीवरून. ही शेवटची ओळ निर्णायक आहे. वीस गोष्टी मोजल्या तर औषधात काही दम नसतानाही एखादी गोष्ट निव्वळ योगायोगाने सुधारलेली दिसते. ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’चा प्रचलित निकषच तेवढी ढील देतो. आधी लिहून ठेवलेलं नसेल, तर नेमकी तीच एक गोष्ट उचलून ‘आम्ही हेच पाहायला निघालो होतो’ असं म्हणता येतं. रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी २०१५ साली अमेरिकी सरकारच्या पैशाने झालेल्या हृदयविकारावरच्या ५५ मोठ्या चाचण्यांचा हिशेब केला. २०००पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचार लाभदायक ठरला होता. आधी जाहीर नोंदणीची पद्धत रुळल्यानंतरच्या २५ चाचण्यांपैकी फक्त दोनमध्ये. अर्थात हीच फूटपट्टी या अभ्यासालाही लावायला हवी. मधल्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले, त्यामुळे नव्या औषधाला सरस ठरणं अवघड झालं, हेही एक कारण असू शकतं. पण १७ वरून दोनवर येणं सगळंच्या सगळं त्याच्या खात्यावर टाकणं मला जड जातं.

नोंदणीने सगळं आलबेल झालं असंही नाही. बेन गोल्डएकर यांच्या गटाने २०१५-१६मध्ये पाच अग्रगण्य पत्रिकांतल्या ६७ चाचण्या त्यांच्या मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. आधी सांगितलं तेच आणि तेवढंच मोजून मांडणाऱ्या निघाल्या नऊ. संपादकांतल्या काहींनी चूक दुरुस्त केली, काही उलट तक्रार करणाऱ्यांवरच चिडले. तरी एक फरक राहतोच. ही लबाडी पकडता आली, कारण ताडून पाहायला मूळ नोंद हाताशी होती. बाकीच्या दोन शाखांत बहुतेक वेळा ती नोंदच नसते.

वित्तशास्त्रात मोह फार मोठा आहे, कारण आकडे फुकट आणि अमाप आहेत. शेअर बाजाराचा रोजचा भाव, प्रत्येक कंपनीचा ताळेबंद, व्याजदर, पाऊस, निवडणुका. संगणकाला हवं ते हवं त्याच्याशी जोडून बघायला सांगा. डेव्हिड लाइनवेबर यांनी नव्वदच्या दशकात थट्टेने हे करून दाखवलं. अमेरिकी बाजाराच्या निर्देशांकाशी जुळणारा आकडा शोधता शोधता त्यांना सापडलं बांगलादेशातलं लोण्याचं उत्पादन. निर्देशांकातल्या चढउतारांपैकी ७५ टक्के चढउतार या एका आकड्याने ‘समजावता’ येत होते, आणि त्यात अमेरिकेतलं चीज व मेंढ्यांची संख्या मिळवली की ९९ टक्के. लोक हे हसण्यावारी नेतात, पण लोण्याच्या जागी ‘किंमत-उत्पन्न गुणोत्तर’ किंवा ‘मागच्या बारा महिन्यांतली तेजी’ असं भारदस्त नाव आलं की तोच खेळ शास्त्र वाटायला लागतो. कॅम्पबेल हार्वी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मोजदाद केली, तेव्हा शेअरच्या परताव्याचं रहस्य सांगणारे ३१६ घटक संशोधनात जमा झाले होते. एवढ्या खटपटीनंतर नेहमीचा निकष पुरत नाही, तो बराच कडक करायला हवा, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी मॅक्लिन आणि पाँटिफ यांनी अशा ९७ सूत्रांचा माग काढला. ज्या कालखंडावर सूत्र बेतलं होतं, त्याच्या बाहेर पडताच त्याचा जादा परतावा सरासरी २६ टक्क्यांनी घसरला. निबंध छापून आल्यानंतर ५८ टक्क्यांनी. पहिली घसरण साधारणपणे दाखवते की सूत्रात योगायोग किती मिसळलेला होता. त्यापुढची घसरण वेगळीच आहे. सूत्र खरं होतं, पण ते कळल्यावर सगळे त्याच शेअरांवर तुटून पडले आणि नफा विरघळला. वैद्यकात हे दुसरं प्रकरण नाही. पॅरासिटामॉलचा निबंध सगळ्यांनी वाचला म्हणून त्याचा गुण कमी होत नाही.

आपल्याकडच्या गुंतवणूकदाराशी याचा थेट संबंध येतो. ‘मोमेंटम’, ‘लो व्होलॅटिलिटी’, ‘क्वालिटी’ अशा नावांचे निर्देशांक आणि त्यांवर बेतलेले फंड गेल्या काही वर्षांत धडाक्याने आले. उदाहरणार्थ, निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक सुरू झाला २०२०मध्ये, पण त्याचा आलेख सुरू होतो एप्रिल २००५पासून. पहिली पंधरा वर्षं हा निर्देशांक अस्तित्वात नव्हता. आजचा नियम मागे नेऊन कालच्या भावांना लावलेला आहे. यात लपवाछपवी काही नाही, माहितीपत्रकात सगळं लिहिलेलं असतं. पण जे नियम मागे नेऊन पाहिल्यावर फिके निघाले, त्यांचे निर्देशांक कुणी काढत नाही, आणि त्यांचे आलेख आपल्यासमोर येत नाहीत. हा लॉरकेनाइडच्या कपाटाचाच भाऊबंद. मोमेंटममध्ये तथ्य नाही, असं मी म्हणत नाही. अनेक देशांत अनेक दशकं टिकलेल्या मोजक्या सूत्रांपैकी ते एक आहे. मात्र आलेख सुरू होतो ती तारीख आणि निर्देशांक प्रत्यक्ष सुरू झाला ती तारीख यांच्यामधला भाग जाहिरातीइतक्याच विश्वासाने वाचावा.

तरीही वित्ताला एक शिस्त आपोआप लागलेली आहे. काळ पुढे सरकतो तसे नवे भाव येत राहतात आणि जुन्या दाव्याची फेरपरीक्षा फुकटात होते. मॅक्लिन-पाँटिफना वेगळा प्रयोग करावा लागला नाही, थांबून मोजावं लागलं. बिल येतं ते गुंतवणूकदाराच्या नावावर, निबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या नाही. पण निदान ते रुपये-पैशांत येतं आणि खात्याच्या उताऱ्यावर वाचता येतं.

पर्यटनात तेही नाही. शाश्वत पर्यटनावरच्या संशोधनाचा मोठा भाग प्रश्नावल्यांवर उभा आहे: पर्यावरणपूरक हॉटेलला जास्त पैसे द्याल का, प्लास्टिक टाळाल का, गर्दीच्या ठिकाणी पुन्हा याल का? माणूस सुट्टीवर असताना या प्रश्नांना सज्जन उत्तरं देतो आणि खोलीत जाऊन एसी सोळावर लावतो. सांगणं आणि करणं यांतली ही दरी या शाखेतल्या संशोधकांना ठाऊक आहे, त्यावर निबंधही आहेत. म्हणून प्रत्यक्ष वागणूक मोजणाऱ्या अभ्यासांचं मोल जास्त. त्यांतला सर्वांत गाजलेला अभ्यास टॉवेलचा. अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी बाथरूममधल्या पाट्या बदलून पाहिल्या. ‘पर्यावरण वाचवा’ या पाटीला ३५ टक्के पाहुण्यांनी दाद देऊन टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ या पाटीला ४४ टक्क्यांनी. २००८ साली हे छापून आलं आणि जगभरच्या सरकारी सल्लागारांच्या तोंडी झालं. २०१४ साली जर्मनीत बोनर आणि श्ल्युटर यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा दुसऱ्या पाटीची जादू चालली नाही. साध्या पाटीलाही तिथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतच होते. पुढे २०१६मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तर परिणाम आहे, पण पहिल्या निबंधाने भासवला तितका ठसठशीत नाही, असं चित्र निघालं. आणि हे सगळं एका क्षुल्लक गोष्टीवर टेकलेलं आहे. दाराच्या मुठीवर अडकवलेला टॉवेल ‘वापरणार’च्या रकान्यात टाकायचा की ‘धुवायला’च्या? खोली आवरणारा कर्मचारी रोज हे ठरवतो. आधी लिहून ठेवलेला नियम नसेल, तर टक्केवारी हवी तशी सरकते.

मोठ्या आकड्यांचंही असंच. जगाच्या कार्बन उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा ५ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००८च्या अहवालात होतं. २०१८मध्ये मॅन्फ्रेड लेन्झेन आणि सहकाऱ्यांनी १६० देशांचा हिशेब मांडला आणि तो ८ टक्क्यांवर गेला. दरम्यान प्रवास वाढला होताच, पण फरकाचं मोठं कारण मोजण्याच्या कुंपणात होतं. जुन्या हिशेबात मुख्यतः विमान, गाडी आणि हॉटेल धरलं होतं. नव्यात पर्यटकाच्या ताटातलं अन्न, त्याने घेतलेल्या वस्तू आणि त्या तयार करणाऱ्या कारखान्यांपर्यंतची साखळी आली. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बरोबर. मात्र ‘आमचं राज्य पर्यटनात हरित झालं’ असं म्हणणाऱ्या खात्याला यांतली हवी ती व्याख्या निवडायची मोकळीक आहे, आणि निवड चुकली तर त्याचं बिल कुणाकडे जातं? हॉटेलांच्या उपशाने आटलेल्या किनाऱ्यावरच्या विहिरीकडे. तिचा मालक कोणत्या निबंधाकडे बोट दाखवणार?

यावरचा उपाय वैद्यकाने दाखवलेलाच आहे: काय मोजणार हे सगळ्याच शाखांनी आधी लिहून ठेवायचं. त्यावर पहिला आक्षेप असा की, आधी सगळं लिहून ठेवायची सक्ती केली तर अचानक लागणारे शोध मरतील. व्हायग्रा हे छातीतल्या दुखण्यावरचं औषध म्हणून तपासलं जात होतं. दुसराच परिणाम रुग्णांनी सांगितला. बरोबर, पण त्या परिणामावर औषध बाजारात आलं ते नव्याने आखलेल्या स्वतंत्र चाचण्यांनंतर, १९९८मध्ये. भटकून शोधायला कुणाची मनाई नाही. सापडलेलं अंदाज म्हणून सांगावं आणि नव्या आकड्यांवर तपासावं, एवढीच अट आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संशोधन एवढं चुकतं असं लिहिलं की लोकांचा सगळ्याच शास्त्रावरचा विश्वास उडतो आणि लसीविरोधकांचं फावतं. मला उलट वाटतं. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीने मुलं आत्ममग्न होतात, हा दावा १९९८ साली ‘लॅन्सेट’सारख्या पत्रिकेत आला होता, तोही बारा मुलांवरून. २०१०मध्ये पत्रिकेने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये सहा लाख सत्तावन्न हजार मुलांच्या नोंदी पाहून २०१९ साली निष्कर्ष निघाला की असा संबंध नाही. नावाजलेली पत्रिका म्हणून मान डोलावणाऱ्या वाचकाला १९९८मध्ये घाबरायला कारण होतं. किती मुलं, निवडली कशी आणि दुसऱ्या कुणी पडताळलं का, हे विचारणाऱ्याला तेव्हाही नव्हतं.

तिसरं म्हणणं व्यवहारी माणसांचं: निर्णय थांबत नाहीत. कोविडमध्ये याच घाईने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वाटलं गेलं. पण त्याच घाईत ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२०च्या मार्चमध्ये सुरुवात करून जूनमध्ये दोन उत्तरं दिली: हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने जीव वाचत नाहीत, आणि स्वस्तातल्या डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. चाचणीतल्या रुग्णांसारखी पर्यटनात चिठ्ठ्या टाकून गावं वाटता येत नाहीत, हे मान्य. तिथे निदान मागे घेता येईल असा निर्णय घ्यावा आणि आपण काय मोजणार हे आधी सांगावं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं वाचवायला कुंपण घातलं. गुरांची चराई थांबली की गवत माजतं आणि फुलांना जागा उरत नाही, असा आक्षेप आला आणि पुढे कुंपण काढलं गेलं. चूक असेल तर ती सुधारता येण्यासारखी होती. पण कुंपणाआधी ठरावीक चौकोन आखून दर हंगामात फुलं मोजायची आणि त्याचा तक्ता सर्वांसमोर ठेवायचा, एवढं केलेलं असेल, तरच कुंपणाने काय झालं या वादाचा निकाल मतांऐवजी आकड्यांवर लागू शकतो.

राहिला खर्चाचा मुद्दा. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने हे सोपस्कार कुठून करायचे? यासाठी पैसे लागत नाहीत, आणि आपल्याकडे यंत्रणाही अर्धी उभी आहे. पीएच.डी.ला बसणारा प्रत्येक विद्यार्थी आधी आराखडा सादर करतो. त्यात उद्दिष्टं असतात, गृहीतकं असतात, नमुना किती आणि कुठला हे असतं. समिती तो मंजूर करते. प्रबंध ‘शोधगंगा’वर जातात आणि मंजूर आराखड्यांसाठी ‘शोधगंगोत्री’ नावाचं वेगळं भांडार आहे. वित्त असो की पर्यटन, आराखड्यातलं गृहीतक आणि प्रबंधातलं गृहीतक तेच आहे का, चारशे लोकांना विचारणार म्हटलं होतं ते चारशे कुठे गेले, एखादं गृहीतक वाटेत गळालं का, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की अर्ध्या तासात कळतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या हातात प्रबंधाबरोबर मूळ आराखडाही द्यावा, असा नियम करायला विद्यापीठाला एक परिपत्रक पुरेल.